तिखट स्पॅममध्ये पडलं

आमच्या मामाचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे, दुकानाला लागूनच मसाला कुटायचा डंक. एप्रिल-मेमध्ये त्या गल्लीत शिरलं की आधी ठसका लागतो आणि मग दुकान दिसतं. मामा गादीवर बसल्या बसल्या पोत्याकडे नुसतं बघून बेडगी कुठली, संकेश्वरी कुठली आणि गेल्या वर्षीचा माल यंदाच्या मालात कोणी मिसळलाय हे सांगतो. परक्या दुकानाचं तिखट चिमटीत धरून चोळतो, हुंगतो आणि "वीट" एवढंच म्हणतो. चाळीस वर्षांत भेसळीच्या बाबतीत त्याला कोणी फसवलेलं नाही. २०१६ साली मी त्याला डोमेन घ्यायला लावलं आणि तिथून त्याचं हे रेकॉर्ड बिघडलं.

मी राहतो गिरगावात, ठाकूरद्वारच्या बाजूला एका वाडीत. संगणकासमोर बसून पगार घेणाऱ्या भाच्याने मामाच्या धंद्याचं 'ऑनलाइन' बघायचं, असा आमच्या घराण्यात अलिखित ठराव आहे. त्याबद्दल काही मिळत नाही. (मसाला मिळतो, पण तो आईला मिळतो, भावाकडून बहिणीला म्हणून.) तसा मामा इंटरनेटला नवखा म्हणता येणार नाही. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला ते सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हा पेपरातली बातमी वाचून त्याने एकच प्रश्न विचारला होता, "त्यातून माल जातो का?" जात नाही म्हटल्यावर त्याने एकवीस वर्षं त्या विषयाकडे पाहिलं नाही.

"डोमेन म्हणजे नक्की काय?" त्याने विचारलं.

मी क्षणभर विचार केला आणि म्हणालो, "पागडीचा गाळा."

हे त्याला एका दमात समजलं. नाव आपलं, पाटी आपली, पण मालकी आपली नाही. दर वर्षी भाडं भरायचं. भरलं नाही की गाळा दुसऱ्याच्या नावावर. वरचा घरमालक कॅलिफोर्नियात बसतो, त्याचं नाव आयकॅन. तो स्वतः कधी तोंड दाखवत नाही. भाडं गोळा करायला त्याने जे मेहताजी नेमलेत, त्यांना रजिस्ट्रार म्हणायचं.

"आणि पागडी किती?"

"पागडी नाही. वर्षाचे हजाराच्या आत."

मामाला तिथेच वास यायला हवा होता. पण तो वेलची निवडत होता.

डोमेन विकणं हा धंदा मुंबईला नवा नव्हे. १९९८ साली तुरखिया बंधूंनी इथेच डिरेक्टी काढली आणि त्यातून जगभर नावं विकली. आमचा मेहताजी मात्र वेगळा, आणि त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण पासवर्ड अजून त्याच्याकडे आहे. त्याने पाच वर्षांच्या भाड्यावर पाच मेलबॉक्स फुकट दिले आणि वर 'प्रगत स्पॅम संरक्षण' दिलं. फुकट या शब्दावर मामाने आयुष्यात कधी विश्वास ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला.

पैसे भरले सकाळी अकराला. दुपारी जेवायच्या आत पहिला फोन, "सर, आपने डोमेन लिया है, वेबसाइट बनवानी है?" दिवे लागेपर्यंत मामा फोन घेऊन थकला. त्या काळी डोमेन घेणाऱ्याचं नाव, पत्ता, फोन सगळं 'हूइज' नावाच्या वहीत उघडं असायचं. वाडीच्या तोंडाशी फळ्यावर लिहिल्यासारखं, कोणीही यावं आणि वाचून जावं. मे २०१८मध्ये युरोपात खासगी माहितीचा कडक कायदा लागू झाला, तेव्हा कुठे त्या वहीवर पडदा पडला. मामाला हे वहीचं कारण पटलं नाही. आपला नंबर मेव्हण्याने वाटला असं त्याने ठरवलं आणि त्या गणपतीत मेव्हण्याला फक्त पेढा दिला, मोदक नाही.

पहिलं वर्षभर 'प्रगत संरक्षण' झोपून होतं. जे येईल ते थेट आत. मामा प्रत्येक मेल चष्मा लावून, ओठ हलवत वाचायचा. एकदा मी दुकानात गेलो तर गंभीर चेहऱ्याने बसलेला.

"बाईचा नवरा वारलाय रे. मोठा अधिकारी होता. चाळीस लाख डॉलर बँकेत अडकलेत. एकटी आहे."

"मामा, ही फसवणूक आहे."

"असेल. पण नवरा तर वारलाय ना? उत्तर तरी लिही."

आलेल्या पत्राला उत्तर न देणं लालबागच्या माणसाला जमत नाही. मी त्याच्या सांगण्यावरून इंग्रजीत दुखवट्याचं पत्र लिहिलं. खाली, आता लिहितोच आहोत तर, म्हणून मालवणी मसाल्याचा दर जोडला. माझ्या माहितीप्रमाणे त्या बाईला आलेलं हे एकमेव सभ्य उत्तर असावं. तिने पुन्हा पत्र पाठवलं नाही.

असलं न मागता येणारं पत्र म्हणजे स्पॅम. पहिलं स्पॅम ३ मे १९७८ला अमेरिकेत गेलं म्हणतात. गॅरी थुअर्क नावाच्या विक्रेत्याने आपल्या कंपनीचे संगणक खपवायला एकदम चारेकशे लोकांना एकच पत्र टाकलं. पत्ते इतके की ठरल्या जागेत मावेनात आणि मजकुरात सांडले. नाव पुढे पडलं ते डबाबंद मांसावरून. १९३७ सालचा डबा, आणि १९७०मध्ये ब्रिटिश विनोदवीरांनी केलेला एक प्रवेश, ज्यात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात तोच डबा येतो. पण आपण थुअर्कला मान का द्यावा? त्याच दशकात आमच्या वाडीत संतोषी मातेची पोस्टकार्डं येत. हे पत्र इतक्या जणांना पाठवा, अमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याची म्हैस मेली. आमच्या वाडीत म्हैस कोणाकडेच नव्हती, तरी आजीने रात्री कंदील लावून एकवीस कार्डं लिहिली. हाताने! थुअर्कचं काम यंत्राने केलं. कष्टाला काही किंमत आहे की नाही?

आणि लोकलच्या डब्यातला बंगाली बाबा? प्रेमविवाह, नोकरी, सौतनपासून सुटका, सगळं एका चिठ्ठीवर, खिडकीच्या वर चिकटवलेलं. परळ ते दादर उभ्याने जाताना ते वाचल्याशिवाय मान वळवायला जागा नसते. त्याला 'अनसबस्क्राइब'चं बटण नाही. नखाने खरवडून काढावं तर बाबा निघतो, गोंद राहतो.

तर मामाला मेलचा कंटाळा आला आणि मी त्याला ते बटण दाखवलं. 'स्पॅम'. नको ते पत्र आलं की हे दाब. मामाने त्या अक्षरांचा अर्थ आपल्या परीने लावला. स-प-म, 'सध्या पडू दे मरू दे'. आणि त्या अर्थाने ते वापरायला लागला. वीजबिल आलं, पडू दे. मेव्हण्याने लग्नाचे फोटो पाठवले, मरू दे. गुंटूरच्या व्यापाऱ्याने बाकीची आठवण केली, दोनदा दाबलं. आणि मेहताजी दर महिन्याला 'आमच्या नव्या योजना' म्हणून पाठवायचा, ते तर वाचण्याआधीच.

इथे थोडं पानिपतकडे जावं लागेल. ज्या १७६१ साली जानेवारीत पानिपत झालं, त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडात थॉमस बेज नावाचा एक पाद्री वारला. त्याच्या मित्राने त्याच्या कागदांतून एक निबंध शोधून १७६३मध्ये छापवला. त्यातला मुद्दा असा, की नवा पुरावा हाती आला की जुना अंदाज किती बदलायचा याचं गणित मांडता येतं. पुढे २००२मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रॅमरने ते गणित स्पॅमला लावून दाखवलं. माणसाने नको म्हटलेली पत्रं एका ढिगात, हवी असलेली दुसऱ्या. कोणता शब्द कुठल्या ढिगात जास्त दिसतो ते मोजायचं, आणि नव्या पत्राचं भविष्य त्यावरून वर्तवायचं. गाळणीला अक्कल बाहेरून द्यायची नाही. तुमच्याच सवयींवर ती वाढते.

मामाच्या सवयींवर वाढलेली गाळणी कशी झाली असेल? थेट मामासारखी. पैसे मागणारं पत्र स्पॅम. मुदत, भाडं, बाकी हे शब्द स्पॅम. मेव्हण्याचं आडनाव स्पॅम. मी ती यादी पाहिली तेव्हा मामीला दाखवली. ती म्हणाली, "यात नवीन काय आहे? पस्तीस वर्षं हेच बघते."

ग्रॅहमच्या त्या लेखात एक बारीक गोष्ट आहे. संगणकाला भडक लाल रंग सांगायचा तर 'एफएफ' आणि पुढे चार शून्यं, असा संकेत लिहितात. ग्रॅहमला आढळलं की एखादं पत्र स्पॅम असल्याची खूण म्हणून हा संकेत कुठल्याही अश्लील शब्दाइतकाच भरवशाचा आहे. हे वाचून मी कपाळाला हात लावला. कारण मामाचं पत्र! मामाने मला बजावून ठेवलेलं, "तिखटाचा दर लाल अक्षरांतच पाहिजे. काळ्या अक्षरांत तिखट कोण घेईल?" चार वर्षं मी मामाचं दरपत्रक भडक लाल, ठळक, मोठ्या टाइपात आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं लावून गिऱ्हाइकांना पाठवत होतो. जगातल्या सगळ्या गाळण्यांच्या दृष्टीने लालबागचा हा वयस्क, टिळा लावणारा, चतुर्थी पाळणारा माणूस गलिच्छ चित्रं विकत होता.

गिऱ्हाइकांचंही तसंच. आपल्या माणसाला मेल लिहिताना सभ्यता दाखवायची असली की तो सगळी अक्षरं मोठी करतो. विषयात 'तातडीचे', त्याखाली पुन्हा 'अत्यंत तातडीचे'. न्यू जर्सीच्या एडिसनहून एका बाईंनी पाच किलो मसाल्याची ऑर्डर पाठवलेली, विषय इंग्रजीत: 'हॉट, व्हेरी हॉट, फोटो पाठवा'. त्यांना मिरचीचा रंग बघायचा होता. ते पत्र थेट स्पॅमच्या तळघरात. ज्यांचं आडनाव दीक्षित आहे आणि ते इंग्रजीत 'के-एस-एच' घालून लिहितात, त्यांनी स्वतःच एकदा स्पेलिंग नीट बघावं. आत कोणता शब्द दडलाय ते कळेल, आणि आपली पत्रं कुठे जातात तेही.

याउलट जो खरा चोर, त्याचं पत्र परीटघडीचं. व्याकरण शुद्ध, रंग सौम्य, एकही उद्गारचिन्ह नाही. 'आपल्या नावाशी मिळतंजुळतं नाव चीनमध्ये कोणी नोंदवत आहे, आपला आक्षेप असल्यास कळवावे.' असली पत्रं जगभर फिरतात, पण आत सन्मानाने बसलेली. गाळणी कपडे बघून माणूस ओळखत होती. त्यात ती एकटी होती असंही नाही. मामाही ते पत्र छापून घेऊन आला. "बघ, किती अदबीने लिहिलंय. नाहीतर तुझा मेहताजी, नुसता ओरडत असतो."

मेहताजी ओरडत होता हे खरं. कॅलिफोर्नियाच्या मालकाचा नियम आहे की मुदत संपायच्या साधारण महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी एकदा भाडेकरूला कळवलंच पाहिजे, आणि मुदत टळल्यावर आणखी एकदा. त्याने तिन्ही वेळा कळवलं. त्याच्याच यंत्रावरून निघालेली तिन्ही पत्रं त्याच्याच 'प्रगत संरक्षणा'ने अडवून तळघरात टाकली. पत्र पाठवणारा तो, अडवणारा तो, आणि दंड मामाला.

२०२१च्या गणपतीच्या तोंडावर पाटी उतरली. साइट बंद, आणि साइटबरोबर मेलही बंद. मी म्हटलं, हरकत नाही, खात्यात शिरून पैसे भरू. पासवर्ड आठवत नव्हता. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. संगणकाने प्रेमाने कळवलं की नवा पासवर्ड आपल्या नोंदलेल्या मेलवर पाठवला आहे. नोंदलेली मेल कुठली? त्याच डोमेनची, जे बंद होतं.

किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतलेलं. आमच्या वाडीत असं झालं की शेजारच्या सर्वात बारक्या पोराला व्हेंटिलेटरमधून आत सोडतात. इथे बारका पोर सोडायला व्हेंटिलेटर नव्हता.

"तिकीट काढा," मेहताजीच्या साइटवर लिहिलेलं.

"कसलं तिकीट? शिवाजी मंदिरचं?" मामा.

"तक्रारीचं."

"तक्रार करायलाही तिकीट?"

तिकीट काढलं. नंबर आला. उत्तर अठ्ठेचाळीस तासांत मेलवर येईल. कुठल्या मेलवर ते विचारू नका. मग फोन. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक मुलगा आला, इंग्रजीत बोलणारा, दोन अक्षरी विलायती नाव सांगणारा. त्या वर्षी सगळ्यांची हापिसं घरातच होती. मी तक्रार सांगतोय, तो 'आय अंडरस्टँड युअर कन्सर्न' म्हणतोय, आणि त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली आणि बाईचा आवाज आला, "अरे, तीन झाल्या का? गॅस बंद कर!"

मी म्हटलं, "आधी गॅस बंद करून या."

तो परत आला तेव्हा विलायती नाव विसरला होता. डिलाईल रोडला राहायचा. मामाचं दुकान म्हटल्यावर म्हणाला, "आईशप्पथ, आमची आई तिथेच मसाला कुटते." पुढची वीस मिनिटं जे ज्ञान मिळालं ते मेहताजीच्या साइटवर कुठे लिहिलेलं नाही.

"तुमच्या वाडीत अनोळखी माणूस शिरला तर काय होतं?" त्याने विचारलं.

"पहिल्या मजल्यावरची आजी कठड्यावरून ओरडते. कोणाकडे?"

"झालं तर. एसपीएफ म्हणजे यादी. आमच्याकडून पत्र घेऊन फक्त हे-हे लोक येतील, असं दारावर लावून ठेवायचं. डीकेआयएम म्हणजे लाखेचं सील, वाटेत पाकीट कोणी फोडलं तर कळतं. आणि डीमार्क म्हणजे यादीत नाव नाही, सीलही जुळत नाही, तर त्या माणसाला आत घ्यायचं, ओट्यावर बसवायचं की हाकलायचं, हे मालकाने आधीच लिहून ठेवायचं."

"आमच्या डोमेनला यातलं काय आहे?"

त्याने खाली वाकून बघितल्यासारखा आवाज केला. "काहीच नाही. काका, तुमचा माणूस पाच वर्षं लोकांच्या दारात बिनओळखीचा, लाल कपडे घालून, तीन वेळा ओरडत जातोय."

त्यानेच पुढचं सांभाळलं. मामाचं आधारकार्ड, दुकानाचा परवाना, मामाचा दुकानासमोर हातात परवाना धरलेला फोटो. डॉट कॉमचं नाव एकदम मरत नाही. आधी काही दिवस सवलतीचे, मग तीस दिवस 'रिडेम्प्शन'चे, ज्यात दंड भरून सोडवता येतं, आणि त्यानंतर ते बाजारात. आमचं नाव सवलतीतून दंडात गेलं तेव्हा नेमका पितृपक्ष लागला होता. मामीने कावळ्याला पान ठेवलं त्या दुपारी मामाने दंड भरला. रकमेचा आकडा लिहीत नाही, मेव्हणा वाचेल.

सुटका झाल्यावर त्या मुलाने लाल रंग काढला, यादी लावली, सील केलं, नोंदणीला माझी वेगळी मेल जोडली आणि 'ग्रेलिस्टिंग' चालू केलं. हा प्रकार २००३पासून आहे आणि मला तो सगळ्यांत आवडला. अनोळखी यंत्र पत्र घेऊन आलं की त्याला सांगायचं, आत्ता जमत नाही, थोड्या वेळाने या. इमानदार यंत्र थांबतं आणि पुन्हा येतं. चोराला लाखो दारं ठोकायची असतात, तो पुन्हा फिरकत नाही.

"म्हणजे आपलं 'उद्या या'," मी म्हटलं.

"तेच," तो म्हणाला.

आपल्याकडच्या सरकारी खिडक्या हे तंत्र कधीपासून वापरतात त्याची मोजदाद नाही. फरक एवढाच की तिथे इमानदार माणूस तिसऱ्या खेपेला थकून घरी बसतो आणि चोर मागच्या दाराने जाऊन शिक्का घेऊन येतो. गोऱ्या लोकांनी नुसती कल्पना घेतली, मागचं दार घेतलं नाही. त्यामुळे त्यांच्याकडे ती चालते.

मामा आता मेल बघत नाही. स्पॅमचं बटण मी त्याच्या फोनवरून दिसेनासं केलं, तर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लोकांना ब्लॉक करायला सुरुवात केली. मेव्हणा पहिला.

परवा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी दुकानात होतो. आभाळ भरून आलेलं, पावसाआधी मसाला उरकायचा म्हणून गल्लीत बायकांची रांग. त्यात एक बाई पुढे आल्या, पायात पांढरे बूट, हातात पाण्याची मोठी बाटली. एडिसनच्या. पाच किलो, व्हेरी हॉट.

"तीन मेल टाकल्या तुम्हाला," त्या म्हणाल्या. "एकाही मेलला उत्तर नाही. म्हटलं, सुट्टीत येतेच आहे तर स्वतःच जाऊन सांगावं."

मी जमिनीकडे बघितलं. मामाने चष्म्यावरून बाईंकडे बघितलं.

"उतरलात कुठे?"

"परळला, बहिणीकडे."

"माहेर कुठलं?"

"कुडाळ."

"आधी मसाला कोणाकडून न्यायचात?"

"आई इथूनच पाठवायची. तुमच्याच दुकानातून. पिशवीवर नाव होतं, त्यावरून शोधलं."

मामाने मान हलवली. वहीत काहीतरी लिहिलं, डंकाकडे नजर टाकली, रांगेकडे टाकली.

"आज नंबर संपले, ताई. उद्या या. मिरची इथूनच न्या आता, उन्हात टाका आणि देठ काढून आणा."

दुसऱ्या दिवशी साडेआठला मामाने शटर वर केलं तेव्हा बाई पायरीवर बसलेल्या. शेजारी पिशवी, आणि बोटं लालभडक.

"देठ?" मामाने विचारलं.

"रात्री दोनपर्यंत बसले," त्या म्हणाल्या आणि डोळे चोळणार इतक्यात मामा ओरडला, "हात लावू नका!"